रेषेवरचा चेंडू

ऊन अजून पत्र्यांच्या कडांवर टेकलेलं नसे, आणि रेणापूरच्या आमच्या डाळीच्या गोदामामागून एक आवाज सुरू होई. चेंडू विटांच्या भिंतीवर आदळायचा, जमिनीवर एक टप्पा घ्यायचा आणि पुन्हा आदळायचा. त्या आवाजाला घड्याळाची शिस्त नव्हती. धावत सुटलेल्या माणसाच्या श्वासासारखा तो मध्येच घाई करी, मध्येच अडखळे. मी खिडकीतून पाहायची तेव्हा तुरीच्या बारीक पिवळसर धुळीत माझी धाकटी बहीण शिवलीला उभी दिसायची. उभी म्हणणंही चूकच, कारण तिला एका जागी उभी अशी मी कधी पाहिलीच नाही. जेवताना तिची डावी टाच जमिनीवर हलत राही. अव्वाबरोबर, म्हणजे आमच्या आईबरोबर, सकाळी पूजेला बसली की मंत्र संपायच्या आत तिचा एक गुडघा वर आलेला असे. वाऱ्यावर हलणाऱ्या ज्वारीच्या पानासारखी ती सतत कुठल्या तरी दिशेला वळलेली असायची.

टेनिस आमच्या घरात आलं ते किराण्याच्या टेम्पोतून. आमचे वडील, अप्पा, लातूरच्या एका क्लबात दर महिन्याला सामान पोचवत. एकदा नऊ वर्षांची शिवलीला त्यांच्याबरोबर गेली, पोती उतरेपर्यंत जाळीला नाक लावून खेळ पाहत राहिली आणि येताना कुणीतरी टाकून दिलेली, दोन तारा तुटलेली रॅकेट मांडीवर घेऊन आली. रॅकेटला कापड गुंडाळून तिनं भिंतीशी खेळायला सुरुवात केली. मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, तिची अक्का. पुढे मी नांदेडला कॉलेजात गेले तेव्हा अप्पांनी तिलाही माझ्यासोबत पाठवलं, कारण नांदेडला मुनीर सर होते.

मुनीर सर एका शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक. कृश, उंच, कायम पांढऱ्या टोपीत. त्यांच्याकडे लाल मातीचं एकच कोर्ट होतं आणि त्या मातीवर त्यांचा जीव होता. पहाटे ते स्वतः झारीनं पाणी शिंपडत, रोलर फिरवत, चुन्याच्या रेषा आखत. गोदावरीवरून येणारा दमट वारा त्या ओल्या मातीवरून फिरला की सगळ्या आवाराला नुकत्याच सारवलेल्या अंगणाचा वास येई. मातीवर चेंडूचा ठसा उमटतो. चेंडू आत की बाहेर असा वाद झाला की सर मुलींना ठशापाशी नेत, काडीनं त्याच्याभोवती वर्तुळ काढत आणि म्हणत, "माती समदं लिहून ठेवती, बेटा. आपण फकस्त वाचायचं." शिवलीला तिथे वाढली. सर्व्हिस करण्याआधी गळ्यातल्या दोऱ्यात बांधलेल्या इष्टलिंगाला दोन बोटं लावायची तिची सवय तिथलीच, आणि चेंडू वर फेकल्यावर एका क्षणापुरतं तिचं सगळं अंग निश्चल होई तेही मी तिथेच पाहिलं. तिच्या अख्ख्या दिवसातला तेवढाच काय तो स्थिर क्षण.

अठराव्या वर्षी ती व्यावसायिक खेळाडू झाली. हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होता रेल्वेच्या वरच्या बर्थवर रॅकेटची पिशवी उशाला घेऊन झोपणं, अनोळखी शहरातल्या धर्मशाळेच्या नळावर मोजे धुणं, आणि तीन दिवसांत हरून पुढच्या गावाची गाडी पकडणं. मोठ्या खेळाडूंची नावं वर्तमानपत्रात येतात. त्यांच्या कितीतरी खाली अशा शेकडो मुली लहान लहान स्पर्धांमधून फिरत असतात, कारण तिथे मुख्य फेरीत सामना जिंकला तरच जागतिक गुण मिळतो, आणि तीन स्पर्धांत असे गुण मिळाले की जागतिक क्रमवारीत नाव येतं. शिवलीला चार वर्षं त्या पहिल्या गुणाच्या मागे होती. ती फोन करायची तेव्हा पलीकडे नेहमी कुठल्यातरी स्टेशनची घोषणा चालू असे. हरल्याचं ती एका वाक्यात सांगून टाकी आणि लगेच पुढच्या प्रवासाचं बोलायला लागे, जणू मागे पाहिलं तर गाडी चुकेल.

तोपर्यंत मी लातूरला मराठीची शिक्षिका झाले होते. एका उन्हाळी सुट्टीत मी तिच्याबरोबर दक्षिणेतल्या एका शहरात गेले. तिथे पात्रता फेरीतला तिचा शेवटचा सामना होता. जिंकली तर मुख्य फेरी. समोर बंगालमधली तनुश्री नावाची मुलगी होती, शिवलीलाच्याच वयाची, तशाच विटक्या बुटांतली. जाळीबाहेर तिची आई छत्री उघडून बसली होती. मी शिवलीलाच्या बाजूच्या मागच्या रेषेपाठीमागे, जाळीला लागून असलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होते. अशा फेऱ्यांत रेषेवर पंच नसतात. एकच पंच चार कोर्टांमध्ये फिरत असतो, आणि आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे ज्या त्या खेळाडूनंच सांगायचं असतं. कोर्ट सिमेंटचं, निळ्या रंगाचं होतं. त्याच्यावर ठसा राहत नाही.

एक सेट तिनं जिंकला, एक तनुश्रीनं. मग दहा गुणांचा निर्णायक डाव. दुपारचं ऊन इतकं पांढरं की रेषा आणि उजेड एकमेकांत मिसळले होते. नऊ-आठ, शिवलीलाच्या बाजूनं. तनुश्रीनं मारलेला चेंडू उंच, संथ आला. शिवलीला मागे सरकली, थांबली, आणि चेंडू माझ्यापासून सहा हातांवर रेषेवर पडला. रेषेच्या बाहेरच्या कडेवर, पण रेषेवरच. पांढऱ्या रंगावर त्याचा टप्पा मी लख्ख पाहिला. शिवलीलानं बोट वर केलं. "आऊट."

तनुश्री कोर्टाच्या मधल्या जाळीपर्यंत चालत आली. तिनं हळूच विचारलं, नक्की ना? पंच दूरच्या कोर्टावर होता. शिवलीलानं मान हलवली. तनुश्रीनं एकवार माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं की सगळ्यांत जवळ मी होते. मी मांडीवरच्या टॉवेलची घडी घालायला लागले.

दुसऱ्या दिवशी मुख्य फेरीत शिवलीलाची प्रतिस्पर्धी पाय मुरगळून सामना सोडून गेली, आणि पहिला गुण असा चालत आला. पुढच्या सहा महिन्यांत तिनं आणखी दोन ठिकाणी गुण मिळवले, ते मात्र घामाचे. क्रमवारीत नाव आलं. रेणापूरला चौकात तिचा फ्लेक्स लागला, हलगी वाजली, शाल-श्रीफळ झालं. दोन शब्द बोल म्हणून आग्रह झाला तेव्हा तिनं "आभारी आहे" एवढंच म्हटलं आणि खाली बसली. खुर्चीत तिचे पाय इतके हलत होते की शालीची झालर थरथरताना मला समोरच्या रांगेतून दिसत होती.

त्यानंतर तिच्यातली चपळाई बदलली. पूर्वी ती चेंडूकडे धावायची. आता कशापासून तरी पळाल्यासारखी दिसे. सर्व्हिसच्या आधी गळ्याकडे जाणारा हात अर्ध्यात थांबून परत येऊ लागला. आम्ही दोघी त्या दुपारबद्दल एक अक्षर बोललो नाही. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि आमच्यामधलं बोलणं हळूहळू हवामान, जेवण आणि गाड्यांच्या वेळांपुरतं उरलं.

दोन वर्षांनी मुनीर सर तिचा सामना पाहायला सोलापूरला गेले. परत आल्यावर त्यांनी मला नांदेडला बोलावून घेतलं. शिवलीला समोरच्या मुलीचे बाहेर पडलेले चेंडूही आत म्हणून देत होती, एक नाही, सामन्यात चार-पाच. सरांना ते कळेना. "नजर तर चांगली हाय तिची. मग असं का करून राहिली?" त्यांनी विचारलं. मी तिथेच, कोर्टाच्या कडेच्या बाकावर, त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ झारीच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत राहिले.

"तिनं एक बॉल चुकीचा दिला," ते शेवटी म्हणाले. "आन् तू बगून राहिलीस."

मग झारी उचलून ते पाणी शिंपडायला गेले.

त्या हिवाळ्यात मनगट दुखावून शिवलीला घरी आली. तुरीची आवक सुरू झाली होती. गोदामाच्या ओट्यावर बायका डाळ पाखडत होत्या आणि दुपारच्या तिरप्या उन्हात भुसा सोन्याच्या किड्यांसारखा तरंगत होता. मनगटाला पट्टा बांधलेली ती पायरीवर बसली होती. लातूरहून तिला भेटायला आलेली मी चहा घेऊन गेले. कपाकडे न बघताच तिनं विचारलं.

"अक्का, तू तिथं बसली व्हतीस. बॉल कुठं पडला?"

कुठला चेंडू हे मी विचारलं नाही. "रेषेवर," मी म्हणाले.

"मला बी तसंच दिसला व्हता." ती थांबली. "बोट वर गेलं तवा मला वाटलं, तू काहीतरी बोलशील. मी वाट बघितली, अक्का. का न्हाई बोललीस?"

"तू जिंकून राहिली व्हतीस," मी म्हणाले.

शाळेत मी मुलांना निबंध शिकवते, शब्दांच्या छटा समजावून सांगते. त्या दुपारी माझ्याजवळ एवढंच वाक्य होतं, आणि ते खरं होतं. तिनं मान खाली घातली. त्या दिवशी कोर्टाबाहेर प्रथमच तिचे पाय पूर्ण थांबलेले होते, आणि ते पाहून मला भीती वाटली.

आठवड्याभरानं ती नांदेडहून गाडीत बसली. जुन्या खेळाडूंकडून तिनं तनुश्रीचा पत्ता मिळवला होता. तनुश्रीनं स्पर्धा केव्हाच सोडल्या होत्या. बंगालमधल्या एका लहान शहरात ती मुलांना खेळ शिकवत होती. शिवलीलानं तिथे काय घडलं ते परतल्यावर माझ्या लातूरच्या घरी, उभ्या उभ्याच सांगितलं.

तनुश्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं की चेंडू नेमका कुठे पडला होता. मग ती म्हणाली की तो रेषेवर पडताना तिलाही दिसला होता. पण शिवलीलानं इतक्या ठामपणे मान हलवली, आणि मागे बसलेल्या बाईनंही काही म्हटलं नाही, तेव्हा आपलेच डोळे फसले असं ती पुढे धरून चालली. त्यानंतर रेषेजवळचा कुठलाही चेंडू तिला खात्रीनं दिसेनासा झाला. ती थबकायची, स्वतःला विचारायची, आणि तोवर वेळ निघून जायची. दीड वर्षात तिनं रॅकेट बाजूला ठेवली. ती रडली नाही की संतापली नाही. शिवलीलाला ती आपल्या घरी घेऊन गेली आणि म्हणाली, हे आईसमोर सांग. त्या दिवशी चेंडू आत होता असं मी तिला म्हटलं होतं, आणि हरल्यावर मी बहाणे करते असं तिला आजपर्यंत वाटतंय.

शिवलीलानं आईसमोर सांगितलं. म्हातारीनं आधी लेकीकडे पाहिलं, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग पाहुणीला म्हणाली, जेवून जा. माफीचा शब्द कुणी काढला नाही. शिवलीला मासे खात नाही म्हणून तिच्यासाठी वेगळं वरण टाकलं गेलं.

परत आल्यावर तिनं त्या स्पर्धेच्या आयोजकांना पत्र लिहिलं. झालेला निकाल बदलता येत नाही असं दोन ओळींचं उत्तर आलं. अप्पांना तिनं स्वतः सांगितलं. दुकानातला सत्काराचा फोटो त्यांनी आतल्या खोलीत नेऊन ठेवला. ती आणखी दोन हंगाम खेळली. मनगट साथ देत नव्हतं, क्रमवारीतून नाव गळून गेलं, तरी त्या दोन वर्षांतला तिचा खेळ मुनीर सरांना फार आवडे. ते म्हणत, पोरगी आता घाई करत नाही.

हल्ली ती दूर दक्षिणेत एका अकादमीत शिकवते. वर्षातून एकदा येते, अव्वाजवळ बसते, अप्पांना दवाखान्यात नेते, माझ्या मुलांशी गोदामात पकडापकडी खेळते. माझ्याशी नीट बोलते. पण बोलता बोलता मी समोर असतानाही तिची नजर माझ्यावर टेकत नाही, कडेनं निघून जाते; मीही तिला थांबवत नाही. ती आपल्या वाट्याचं ओझं तीन दिवसांचा प्रवास करून पोचवून आली. माझ्या वाट्याचं कुठे नेऊन ठेवायचं, ते मला ठाऊक आहे. बंगालला जाणारी गाडी नांदेडहूनच सुटते. मी सुट्ट्या मोजते, तारखा ठरवते आणि मोडते.

ती गेली की घर काही दिवस तिच्या नसण्यानं भरून राहतं, आणि त्या भरलेल्या शांततेत मला उमगतं की काळ माणसांना दूर नेतो तेव्हा त्यांच्या आठवणी आपल्यापाशी ठेवून जातो असं आपण उगाच समजतो. आठवण त्या माणसांच्याच वाटेनं पुढे निघून गेलेली असते, आणि तिच्या मागोमाग चालत जायला आपणच अजून उठलेलो नसतो.