बोट ठेवून दाखवा

मी एक जुना लाकडी स्टँड आहे. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात पवित्र शास्त्र उघडे ठेवून वाचायला आणि शिकवायला लागतो, तो. मित्रांनो, माझी दया येऊन कोणी मला पॉलिश करायला निघाला असेल, तर त्याने आल्या पावली परत जावे. मला पॉलिश नको. माझे म्हणणे ऐका, तेवढे पुरे.

मला एका सुताराने आपल्या थोरल्या बहिणीसाठी बनवले. ती दर रविवारी मुलांचा वर्ग घ्यायची आणि सगळे तिला आत्या म्हणायचे. मंदिराचा जुना दरवाजा काढला होता, त्याच्या फळ्यांना रंधा मारून मी घडलो. वरची फळी तिरकी आणि तिच्या खालच्या कडेला पुस्तक घसरू नये म्हणून पट्टी. आत्या ठेंगणी, म्हणून मीही ठेंगणा. मंडळीचे पंच कुरकुरले, "अहो, उंच माणसाला वाकावं लागेल की!"

"वाकू दे," सुतार म्हणाला. "शास्त्र वाचताना मान खाली असली तर काय बिघडतं?"

तेव्हापासून मी जरा आगाऊच आहे. बापाचा गुण, दुसरे काय!

आत्याच्या वर्गाचा एक नियम होता. शिकवणाऱ्याने काहीही सांगितले, की कोणीही हात वर करून म्हणायचे, "बोट ठेवून दाखवा." मग आत्या उघड्या पानावर बोट ठेवायची आणि त्या वचनाच्या मागचे-पुढचेही वाचून दाखवायची. मुले माझ्याभोवती टाचा उंचावून बघायची. सापडले नाही तर ती सरळ सांगायची, "मला ठाऊक नाही रे. बघून सांगते." शेंबडी पोरेसुद्धा तिला अडवायची, पण ती कधी चिडली नाही. "तुम्ही माझं ऐकून घरी जाता आणि तसं वागता," ती म्हणायची. "मी थापा मारल्या तर देवापुढं जाब मला द्यावा लागेल, तुम्हाला नाही." तिचा मला फार अभिमान वाटायचा.

आत्या गेली आणि तिच्या जागी वक्तेसाहेब आले. त्यांचे खरे नाव कधीच मागे पडले होते, कारण ते बोलू लागले की माणसे हलायची नाहीत. कॉलरला माइक लावून ते इकडून तिकडे फिरत बोलायचे. पुस्तक मिटलेलेच असायचे. माझ्यावर पाण्याचा ग्लास, त्यांचे घड्याळ आणि दमले की त्यांचे कोपर. बोट ठेवायचा नियम त्यांनी पोरकटपणा म्हणून बंद केला. मला राग यायचा. अजून येतो.

पहिल्या बाकावर मशीनवाली ताई बसायची. ती घरी शिवणकाम करायची. तिच्या मुलीला, चिमणीला, फिट यायच्या, पण रोजच्या गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या. एका रविवारी वक्तेसाहेब चांगलेच रंगात आले. "गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास!" ते गरजले. "बाई, तुझा विश्वास खरा असेल तर त्या गोळ्या फेकून दे. शास्त्र असं सांगतं!" आणि सगळ्यांदेखत त्यांनी ताईकडे बोट केले. बाकांवरून मोठ्याने "आमेन" आले. ताईने घरी जाऊन गोळ्या फेकल्या. तिला कशाला नावे ठेवायची? तिला ते शास्त्र म्हणून सांगितले होते.

पुढच्या रविवारी गाणे चालू असताना चिमणी कोसळली. तिचे कपाळ माझ्या पायावर आपटले. सुताराने माझ्या कडा घासून गोल केल्या होत्या, म्हणून निदान डोळा वाचला. ताईने "चिमणे, चिमणे" करत तिचे डोके मांडीवर घेतले. वक्तेसाहेब उभ्या उभ्या म्हणाले, "अजून विश्वास कमी पडतोय." मित्रांनो, माझे पाय चालते असते, तर मी त्या माणसाच्या अंगावर जाऊन पडलो असतो.

डॉक्टरांनी टाके घातले आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. "थोडक्यात निभावलं," ते ताईला म्हणाले. "पुन्हा असं केलंत तर पोर हातची जाईल."

त्यानंतरच्या रविवारी ताई बाकावर बसलीच नाही. सरळ माझ्यापाशी आली. तिने ग्लास खाली ठेवला, घड्याळ बाजूला केले आणि मिटलेले पुस्तक उघडले.

"साहेब, बोट ठेवून दाखवा."

"काय?"

"गोळ्या फेका असं शास्त्रात कुठं लिहिलंय, तिथं बोट ठेवा."

वक्तेसाहेबांनी पाने उलटली. उंच माणूस, पहिल्यांदाच माझ्यावर वाकला होता. त्यांनी पुन्हा पाने उलटली, चष्मा पुसला, घाम पुसला. शेवटी पुस्तक मिटून ते म्हणाले, "विश्वास असा बोटानं दाखवायचा नसतो, ताई."

"मग माझ्याकडं बोट कसं केलंत?"

या वेळी कोणी आमेन म्हटले नाही.

मला वाटले, आता हा माणूस चूक कबूल करील. छे! त्याच आठवड्यात मला भंगारात काढायचे ठरले आणि माझ्या जागी काचेचे चकचकीत टेबल आले. भंगारवाल्याच्या आधी ताई हातगाडी घेऊन हजर झाली.

"हे मोडकं घेऊन काय करणार?" पंचांनी विचारले.

"मोडकं नाहीये. मुलांना शिकवायला लागेल."

तेव्हापासून मी तिच्या खोलीत शिलाई मशीनशेजारी उभा आहे. माझ्या पायात चिंध्या आणि दोरे अडकतात, अंगाला मशीनच्या तेलाचा वास लागला आहे. पण माझ्यावरचे पुस्तक उघडे असते. शेजारपाजारची मुले रविवारी येतात. चिमणी आता मोठी झाली आहे, आणि तीच त्यांना शिकवते. कपाळावर टाक्यांची खूण तशीच आहे.

परवा ती वादळात सापडलेल्या नावेची गोष्ट सांगत होती. काठावर नावाड्याची म्हातारी आई ऊर बडवून रडते आहे, असे तिने इतके छान सांगितले की मुलांचे डोळे भरून आले. तेवढ्यात एका मुलीने नाक पुसत हात वर केला.

"चिमणीताई, ती आई कुठंय? बोट ठेवून दाखवा ना."

चिमणी माझ्यावर वाकली. तिचे बोट पानावरून खाली सरकले, पुन्हा वर गेले. ताईचे मशीन थांबले होते. खरे सांगतो, मला धास्ती वाटली.

"नाही गं," चिमणी म्हणाली. "ती आई मी घातली. इथं नाहीये."

"मग आता?"

"आता तिच्याशिवाय पुन्हा सांगते. पहिल्यापासून."

मशीन पुन्हा सुरू झाले.

मित्रांनो, तुम्हाला शिकवणारा कितीही गोड बोलला, तरी विचारायला भिऊ नका. आणि देवाचे नाव घेऊन दुसऱ्यांना शिकवणाऱ्यांनो, तुमच्या शब्दावर कोणीतरी घरी जाऊन गोळ्या फेकते, हे विसरू नका. माझी उंची वाढवून घ्यायला सुतार तर मुळीच बोलावू नका. मी ठेंगणाच राहणार. वाकायचे तुम्ही.