उर्फ लिहायचं नाही

मार्च संपत आला की आमच्या घरातला कॉम्प्युटर माळ्यावर जातो. लोकांच्या घरात गोधड्या माळ्यावर जातात, आमच्यात कॉम्प्युटर. कारण खाली डंख आहे. डंख म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. चटणीच्या दिवसांत अर्ध्या मंगळवार पेठेची मिरची आमच्या दारात येते आणि ती कांडताना उडणारी पूड घरातल्या कशालाही सोडत नाही. पहिल्या वर्षी आम्ही कॉम्प्युटर तसाच ठेवला होता. जूनमध्ये तो बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला, आतल्या पंख्यावर जोरात फुंकर मारली आणि मग बराच वेळ तो बिचारा नळाखाली तोंड धरून उभा होता. तेव्हापासून नियमच पडला: हंगाम आला की कॉम्प्युटर आत्यांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचा आणि पावसाळा लागला की खाली उतरवायचा.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सरुबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. डंख त्यांचा, चटणी त्यांची आणि पाकिटावर नावही त्यांचंच. मामंजी गेल्यावर त्यांनी कांदा-लसूण चटणी पाकिटात भरून विकायला सुरुवात केली, तेव्हा पुण्याच्या एका दुकानदारानं सल्ला दिला होता की एखाद्या देवीचं नाव द्या, झटकन खपेल. आत्या म्हणाल्या, "देवी आली न्हाय मिरच्या निवडाय. माजं नाव घाला." मग दुकानदार म्हणाला, बरं, पण नुसतं सरुबाई ठेवा, आडनाव कशाला. आमचं आडनाव मधाळे. आमच्या भागात आडनाव ऐकलं की पुढचा माणूस आपला आपणच समजून घेतो, आणि बौद्धांच्या घरची चटणी म्हटल्यावर काहींचा घास तोंडाशीच थांबतो. दुकानदार हे बोलला नाही, पण कळायला अवघड काय होतं? आत्यांनी तेवढं ऐकलं. मला मात्र त्या दुकानदाराचा आजही राग येतो.

माझ्या नवऱ्यानं, सम्राटनं, दोन हजार दोन साली चटणीची वेबसाइट काढली. सरुबाई चटणी डॉट कॉम. पुण्यातल्या एकाकडून नाव विकत घेतलं आणि वर आत्यांचा फोटो लावला: डंखाच्या शेजारी, कमरेवर हात, चेहऱ्यावर हसू नावाला नाही. त्या फोटोवर लोक फिदा. दुबईतून, अमेरिकेतून ऑर्डरी यायला लागल्या. तिकडच्या आपल्या पोरांना भाकरी मिळत नव्हती, पण पावाला लावून ती आमची चटणी खात होती. आत्या पेठेत कुणाला सांगायच्या नाहीत, पण कुणी विचारलंच तर काम थांबवून सांगायच्या.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये मी कॉम्प्युटर उतरवला, लुगडं सोडलं, वायरी जोडल्या आणि साइट उघडली. आत्यांचा फोटो नव्हता. त्या जागी कर्जाच्या, बारीक होण्याच्या औषधाच्या आणि पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती, आणि वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत, की ह्या नावाची मुदत संपलेली आहे. पत्ता मीच चुकीचा टाकला असणार म्हणून मी पुन्हा टाकला. पुन्हा जुगार. मग ईमेल उघडायला गेले, तर ते खातंही बंद. फुकटाचं खातं होतं, महिनाभर उघडलं नाही की कंपनी कुलूप लावते, आतली पत्रंही जातात. आम्ही दोन-अडीच महिने मिरची कांडत बसलो होतो. नावाची मुदत संपत आल्याच्या सगळ्या सूचना त्या खात्यात आल्या आणि तिथेच मेल्या. ह्या जगात असं फक्त आमच्याच घरात होऊ शकतं.

ज्याच्याकडून साइटचं नाव घेतलं होतं त्या पुण्याच्या माणसाला फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही. तो दुकान गुंडाळून गेला होता. पण मी बी.कॉम. आहे आणि जयसिंगपूरची आहे, मला एवढ्यात सोडायची सवय नाही. इंटरनेटवरच कुणाचं नाव कुणाकडे नोंदलंय ते बघता येतं, तिथे शोधून मी मुंबईच्या मूळ कंपनीचा फोन काढला. घाईत नोंद नीट वाचली नाही, नुसता कंपनीचा नंबर उतरवून घेतला.

फोनवर दीप्ती नावाची मुलगी होती. बोलायला गोड, पण नियमाला पक्की. तिनं समजावलं, की असं नाव कायमचं विकत मिळत नाही, वर्षावर्षानं भाडं भरावं लागतं. तुमचं भाडं थकलंय. अजून थोडे दिवस ते तुमच्यासाठी राखून ठेवलेलं आहे, दंड भरून सोडवता येईल. ते दिवस संपले की नाव मोकळं होईल आणि ज्याला हवं तो घेईल. "आणि अशी चालती नावं उचलायला लोक टपूनच बसलेले असतात, मॅडम."

मी म्हटलं, दंड भरते, आजच भरते.

"पण तुमचा ईमेल बंद आहे, म्हणजे मालकाची ओळख कागदावर पटवावी लागेल. मालकाचं पूर्ण नाव सांगता?"

"सरुबाई धोंडीराम मधाळे."

तिकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "इथे सरुबाई पाटील आहे."

मी फोन ठेवला आणि डंखाकडे गेले. आत्या चाळण मारत होत्या, सम्राट पाकिटं शिवत होता. मी दोघांच्या मधोमध उभी राहून जे ऐकलं ते सांगितलं. सम्राटनं मान वर केली नाही, आणि मला तिथंच कळलं.

"आडनावाशिवाय तो फॉर्म म्होरं सरकंना," तो म्हणाला. "आधी मधाळे लिवलं हुतं. मग खोडलं. म्हटलं, ही नोंद कुणालाबी दिसती. परदेशातलं गिऱ्हाईक बगणार, पुण्यातलं बगणार. कोल्हापूर म्हटल्यावर पाटील बरं दिसतंय."

आत्यांनी चाळण खाली ठेवली. मला वाटलं आता भडका उडणार, कारण त्यांचा आवाज लागला की गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. पण त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माज्या नावाला पाटील?"

सम्राट रडवेला झाला. माझा नवरा वाईट माणूस नाही, तो दुकानांच्या पायऱ्या चढून चढून थकलेला माणूस आहे. "आई, हे मी निस्तरतो," तो म्हणाला. "स्टँडवर स्कॅनिंगवाला हाय. तुजं मतदान कार्ड कॉम्प्युटरवर घिऊन मधाळेच्या जागी पाटील करून दील. उद्या धाडलं की परवा नाव आपलं. कोण बगतंय मुंबईत?"

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते पटलं. नाव वाचणं महत्त्वाचं होतं. तीन वर्षांची गिऱ्हाइकं त्या पत्त्यावर यायची, आणि उद्या दुसऱ्याच कुणी तिथं लाल रंगाची भुकटी सरुबाई म्हणून विकली असती तर आम्ही काय करणार होतो?

आत्या म्हणाल्या, "छप्पन साली माज्या बापानं घरातलं देव उचललं आन नदीत सोडलं. दिवसाढवळ्या, समद्या गावादेखत. मी बारकी हुतो, त्याचं धोतर धरून चालल्यालो. गावानं वर्सभर काम दिलं न्हाय, पर देव सोडाय त्यो रातचा लपून गेला न्हाय. आन म्या माजं नाव पाटलीण हुऊन सोडवून आणू? जाऊ दे गेलं तर."

"आत्या, गेलं तर परत मिळायचं न्हाय," मी म्हणाले.

"मग खऱ्यानं आण की. शिकल्यालीस न्हवं?"

मी पुन्हा फोन लावला. दीप्तीला सरळ सगळं सांगितलं: आडनाव चुकीचं आहे, माणूस तोच आहे, फोन तोच, पत्ता तोच, आणि साइटवर फोटो होता तो ह्याच बाईचा. ती कुणाला तरी विचारून आली. मतदान कार्ड, दुकानाचा परवाना, नोंदीतल्याच पत्त्यावर येणारं टेलिफोनचं बिल, आणि आडनावाबद्दल नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र, एवढं मुदतीत पोचलं तर वरचे साहेब बघतील. "नक्की होईलच असं मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. खोटी आशा दाखवली नाही, हे मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कोर्टाच्या आवारात, झाडाखाली टेबलं मांडून बसलेल्यांपैकी एका वकिलासमोर. वकील भला होता. म्हणाला, "मावशी, सोपं हाय. 'सरुबाई पाटील उर्फ सरुबाई मधाळे, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची,' असं लिहितो. रोज धा करतो मी असली. कुठंच अडत न्हाय."

"उर्फ लिवायचं न्हाय," आत्या म्हणाल्या.

"अवो, त्यानं तुमचंच काम फत्ते हुतंय."

"पाटील मी कवा हुतो? पाटलांचं पाटलांना लखलाभ, चांगली मानसं हाईत, आमच्याच डंखावर येत्यात. पर मी न्हवं. चूक झाली असं लिवा. माजं आडनाव मधाळे, लगीन झाल्यापास्नं मधाळे, असं लिवा."

वकिलानं सम्राटकडे पाहिलं. सम्राटनं माझ्याकडे. मी वकिलाला म्हटलं, "त्या सांगतात ते लिहा."

मग सम्राट पुढं झाला. "चूक कुणी केली तेबी लिवा," तो म्हणाला. "मुलगा सम्राट धोंडीराम मधाळे यानं केली. मी खाली सही करतो."

त्या वेळी मला माझ्या नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नातसुद्धा वाटला नव्हता.  आत्यांनी नुसतं त्याच्या पाठीवरचं मिरचीचं बी झटकलं. टायपिस्टनं ते दोन वाक्यांत बडवून काढलं, आत्यांनी सही केली. अंगठा नाही, सही. रात्रशाळेत शिकलेली, सावकाश, पूर्ण नावाची.

कागद आणि दंडाचा ड्राफ्ट घेऊन कुरिअर गेलं आणि आम्ही वाट बघत बसलो. मी रोज सकाळी साइट उघडायची, रोज जुगार. दुबईचं एक गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, दुकान बंद केलंत काय? मी म्हटलं, बंद नाही, जरा दुरुस्ती चालू आहे. राखून ठेवलेले दिवस संपत आले. सम्राट जेवणावरून अर्ध्यातच उठायला लागला. एका दुपारी मीही कच खाल्ली आणि आत्यांना म्हटलं, उर्फ लिहिलं असतं तर एव्हाना झालं असतं. त्या म्हणाल्या, "झालं असतं. मग रोज बगून काय वाटलं असतं तुला?" मी उठून पाकिटं भरायला लागले.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी फोन वाजला. दीप्ती होती. "मॅडम, साहेबांनी कागद मान्य केलेत. फक्त मालकाशी एकदा बोलायचंय, ओळख पक्की करायला."

आत्या हात पुसत आल्या. रिसीव्हर त्या नेहमी दोन्ही हातांनी धरतात. मी स्पीकर लावला. डंखावर चार-पाच बायका हंगामातली उरलेली मिरची घेऊन बसल्या होत्या, त्यांनीही कान दिला.

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"सरुबाई धोंडीराम मधाळे. मंगळवार पेठ, कोल्हापूर."

"बरोबर. अगदी बरोबर, आजी. नोंद दुरुस्त करून नाव परत देते मी तुम्हाला."

रिसीव्हर ठेवून आत्या माझ्याकडे वळल्या. मग मला म्हणाल्या, "क्रांती, आडनाव सांगितल्यावर 'बरोबर' म्हणणारी ही पयलीच." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मिरचीचं नव्हतं, हे मी छातीठोक सांगते.

संध्याकाळी साइट उघडली. कमरेवर हात ठेवून आत्या परत जागेवर. मग मी ती नोंद काढली आणि त्यांना खुर्ची दिली. इंग्रजीत होतं, मी बोट ठेवून वाचलं: सरुबाई धोंडीराम मधाळे.

"हे कुणाकुणाला दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"जो शोधील त्याला. सगळ्या जगाला."

"अमेरिकेत?"

"व्हय."

"पुन्यात?"

"पुण्यातबी."

त्यांनी त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग मागं वळून सम्राटला म्हणाल्या, "जगाला दिसतंय, मग पाकिटावर का न्हाय?"

सम्राट उठला, पायांत चपला सरकवल्या आणि छापखाना बंद व्हायच्या आत निघाला.