मधलं तबक

आपिया या बेटावरच्या शहरातल्या त्या शस्त्रक्रियागृहाला एकच खिडकी होती, तीही छताला टेकलेली. सकाळी तिच्या दुधी काचेतून उजेड आत झिरपे. आधी भिंतीचा वरचा पट्टा फिका होई, मग भूल देण्याच्या यंत्राची कड, मग हिरव्या चादरींच्या सुरकुत्या एकेक करून उजळत, आणि अखेरीस तो मांडलेल्या अवजारांवर येऊन थबके, पुढे जावं की नाही अशा संकोचात. मलाकी तेवढा वेळ धुतलेले हात छातीशी धरून उभा राही. परिचारक म्हणून दिवसभर त्याला माणसांत वावरावं लागे. उजेडाशी मात्र बोलावं लागत नसे.

टोकदार काहीही हातातून हातात द्यायचं नाही, असा नियम होता. मध्ये तबक, देणाऱ्याने ‘धार’ म्हणत त्यात ठेवायचं, घेणाऱ्याने उचलायचं. पण आज समोर सर्जन तुइआसाऊ होते, मलाकीच्या कुळाचे मताई, म्हणजे कुळप्रमुख. गावात त्यांच्यापुढून जाताना तो कमरेत वाकत असे. त्यांनी जखमेवरची नजर न हलवता हात पुढे केला. थोरांना वस्तू उचलून घ्यायला लावणं त्याच्याने होईना. सुई धरलेला चिमटा त्याने अदबीने त्यांच्या तळव्यावर ठेवला. टाका झाल्यावर त्यांनीही तो न बघताच त्याच्या हाती परत दिला.

त्याच्या बोटाशी काहीतरी चमकून गेलं.

रुग्णाच्या रक्तात ‘ब’ काविळीचे विषाणू होते. मलाकीला तिची लस लागू पडली नव्हती, हे शेजारी उभ्या असलेल्या मुख्य परिचारिका पेनिना सिस्टरना ठाऊक होतं. सुई टोचली असेल तर काविळीपासून वाचवणारं इंजेक्शन आजच घ्यायला हवं होतं. मात्र त्यासाठी सुई कोणाच्या हातून आली, हे सांगावं लागणार होतं.

“हातमोज्याला लागली नुसती,” तो हळूच म्हणाला.

“मोजा तुझ्या कानात सांगून गेला का? दाखव बोट.”

“सिस्टर, त्यांचं नाव निघेल.”

“निघू दे की. गावात मताई असतील. कावीळ काय त्यांना विचारून येणारे?”

तेवढ्यात तुइआसाऊ शस्त्रक्रिया आटोपून बाहेर पडता पडता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आपल्या घरचा पोरगा समोर असला की कामाला जोर येतो. मलाकीने मान खाली घातली. दार मिटेपर्यंत त्याने ती वर केली नाही.

पेनिना हात धुण्याच्या नळाशी गेल्या. त्यांनी तो सोडला आणि त्या वाट पाहत राहिल्या. मलाकीने वरचा हातमोजा काढला, मग हळूहळू आतला सोलला.

सुई बोटात गेली होती.