आदर्श ताटाचा फोटो

व्यावसायिक महिला क्रिकेटपटूंच्या पोटात नेमकं काय जातं, हा प्रश्न मानवजातीने आजवर गांभीर्याने घेतला नव्हता. तो घेण्याचा पहिला मान डाएटताईंना मिळाला. त्या दिवशी सकाळी सहाला त्या मैदानावर पोचल्या, तेव्हा त्याचं उत्तरही मिळालं. काहीही जात नाही.

ड्रेसिंग रूमच्या पायरीवर एक ताट ठेवलं होतं. दोन उकडलेली अंडी, ओट्सची वाटी, केळं, मूठभर बदाम. समोर अख्खा संघ पॅड बांधून रांगेत उभा. एकेक जणी पुढे येई, वाकून मोबाइलवर फोटो काढी आणि बाजूला होई. कीपरने केळं जरा डावीकडे सरकवलं, पुढचीने ते पुन्हा उजवीकडे घेतलं. रांगेच्या शेवटी स्कोअररकाका उभे होते. त्यांच्या हातात मोबाइल नव्हता, चमचा होता.

डाएटताई हे नाव संघानेच दिलेलं. वय पस्तिशीचं, हॉस्पिटलच्या आहार विभागातली कायमची नोकरी सोडून विद्यापीठाची फेलोशिप घेतलेली. "कायमची नोकरी सोडून दुसऱ्यांच्या ताटात डोकावायला निघालीस?" असं आईने विचारलं होतं. संशोधनाची पद्धत सोपी होती. नाश्त्यापूर्वी प्रत्येक खेळाडूने ताटाचा फोटो पाठवायचा. फोटो रोज वेळेवर यायचे. ताई घरी चहात बिस्कीट बुडवून खात ते तपासायच्या आणि दुपारी मैदानावर चक्कर मारायच्या. पहिल्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं, 'खेळाडूंच्या आहारात कमालीचं साम्य आढळतं.' गाईडसरांनी त्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

आज फेलोशिप पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवायला समिती येणार होती. "आज जरा लवकर जा," सर म्हणाले होते. "बरं दिसतं."

"हे काय चाललंय?" ताईंनी विचारलं.

रांग मोडली. "ताई, तुम्ही दुपारी येता ना?" कॅप्टन म्हणाली.

"ताट एकच का?"

"बाकीची घासायला गेलीत," तोफ म्हणाली. तोफ म्हणजे संघाची वेगवान गोलंदाज. हातातला झेल सोडणाऱ्याकडे बघतात तसं कॅप्टनने तिच्याकडे पाहिलं.

"खरं सांगते ताई," कॅप्टन म्हणाली. "सुरुवातीला तुम्हीच म्हणाला होतात, फोटो आले नाहीत तर फेलोशिप बंद. मग आम्ही टीम मीटिंग घेतली. आपल्यापायी ताई आउट व्हायला नकोत, असं ठरलं. रोज एकीने ताट आणायचं, फोटो सगळ्यांनी काढायचे."

"आणि खातं कोण?"

सगळ्यांनी स्कोअररकाकांकडे पाहिलं. काकांनी चमचा पाठीमागे लपवला. "माझी शुगर केवढी आटोक्यात आली हो ताई," ते म्हणाले. "तुमच्या संशोधनाला तोड नाही."

ताईंचा संताप अनावर झाला. "असं अवघड काय आहे यात? सरावाआधी खायचं, पाणी प्यायचं. थांबा, मीच दाखवते!" आणि पायरीवर बसून त्यांनी ते ताट पुढ्यात ओढलं. अंडी एकेक करून गेली. काका विकेट पडताना बघावं तसे बघत होते. शेवटी ताईंनी पाण्याची मोठी बाटली उघडली.

"ताई, पाणी राहू दे," कीपर हळूच म्हणाली.

"का राहू दे?"

"नाही, म्हणजे... अर्धीच प्या."

"हेच चुकतं तुमचं!" असं म्हणून ताईंनी बाटली रिकामी केली. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या सरावाला गेल्या.

आठच्या सुमारास डाएटताईंच्या मनात विषयाबाहेरचा एक विचार आला. साडेआठनंतर दुसरा विचार येईना.

ड्रेसिंग रूमच्या मागे एक दार होतं. दारावर 'महिला' अशी पाटी होती आणि पाटीखाली कुलूप होतं.

"त्यात खताची पोती आहेत," ग्राउंड्समन म्हणाला. "भिजू नयेत म्हणून नळपण काढून टाकलाय."

"मग जायचं कुठे?"

"पॅव्हेलियनमध्ये आहे की. चकाचक!"

"उघडं आहे?"

"ऑफिस अकराला उघडतं, तेव्हा उघडेल."

"सराव तर सहाला सुरू होतो. या मुली काय करतात?"

ग्राउंड्समनने प्रामाणिकपणे विचार केला. "त्यांना लागत नसावी," तो म्हणाला.

ताई जपून पावलं टाकत परत आल्या, तेव्हा सराव थांबला होता.

"आधी का नाही सांगितलंत ग?"

"तुम्ही काय खाता ते विचारलंत," कॅप्टन म्हणाली. "का खात नाही, ते कुठे विचारलंत? ऑफिसला अर्ज दिलाय आम्ही. विचार चालू आहे म्हणतात."

"चक्कर आली की मी बुटाची लेस बांधायला बसते," तोफ म्हणाली. "बघणाऱ्याला वाटतं, लेस सुटली."

समिती साडेदहाला आली. सावलीत खुर्च्या मांडल्या, चहा आला. गाईडसर कानाशी येऊन म्हणाले, "साम्याचा मुद्दा आधी घे. काम झालंच समज." लॅपटॉपवर शेकडो फोटो तयार होते. परतायला नोकरी नव्हती. आणि घरी आई होती, तिचा तो प्रश्न घेऊन.

आपण त्या दिवशी सत्यासाठी उभं राहिलो, असं ताईंनी नंतर आईला सांगितलं. खरं म्हणजे त्या उभ्या राहूच शकत नव्हत्या. पायावर पाय घट्ट आवळून त्या बसूनच बोलल्या. "सगळे फोटो एकाच ताटाचे आहेत. ते ताट स्कोअररकाका खातात. मुली उपाशी आणि तहानलेल्या खेळतात, कारण त्यांच्या शौचालयाला कुलूप आहे. धन्यवाद."

विद्यापीठाच्या इतिहासात इतकं आटोपशीर सादरीकरण झालं नव्हतं. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "पण आहारशास्त्रात हे बसतं कुठे?"

"पर्यावरणीय घटकांत बसवू, सर," गाईडसर म्हणाले. ते मुरलेले गृहस्थ होते.

समितीतल्या एकुलत्या एक बाईंनी भरलेला कप तसाच खाली ठेवला. "मीसुद्धा घरून निघताना पाणी पीत नाही," त्या म्हणाल्या. "नोकरीला लागल्यापासून." ते कुणी टिपून घेतलं नाही.

तेवढ्यात ऑफिस उघडलं. डाएटताई पॅव्हेलियनकडे ज्या वेगाने गेल्या, तो बघून कॅप्टन म्हणाली, "ताईंना सीमारेषेवर ठेवायला हवं."

फेलोशिप चालू राहिली. प्रबंधाचं शीर्षक एका ओळीने लांबलं. शौचालयासाठी अनुदानात तरतूद नव्हती, यंत्रसामग्रीसाठी होती. म्हणून शरीरातले स्नायू, चरबी आणि पाणी मोजणारं एक यंत्र मागवलं. यंत्र नाजूक होतं, त्याला कुलपाची खोली हवी होती, आणि कुलूप असलेली खोली मैदानावर एकच होती. खताची पोती बाहेर काढून ते तिथे ठेवलं.

यंत्राच्या पहिल्या तपासणीनुसार संघातल्या सगळ्या खेळाडूंच्या शरीरात पाणी कमी आहे.