दोनच गाणी

तौनोने कोटाची मधली गुंडी लावली, तेव्हाच त्याच्या बायकोला, मिर्याला, कळलं की आता हा उठणार. उठलाच. गुडघ्यावर हात न टेकता उठला. घरी सोफ्यावरून उठताना हाच माणूस दोनदा ‘आई गं’ करतो.

“येतो जरा,” तो म्हणाला.

“जा की. मी काय धरून ठेवलंय?”

टेबलांमधून वाट काढत तो थेट खांबाजवळच्या टेबलापाशी गेला. तिथे निळ्या पोशाखातली सिल्वी नवऱ्याबरोबर बसली होती. तौनो तिच्यापुढे किंचित वाकला. तिने पर्स नवऱ्याकडे सरकवली आणि उठली. विचारणं नाही, सांगणं नाही. अकॉर्डियनवाल्याने टँगो धरला आणि दोघं नाचणाऱ्यांच्या गर्दीत शिरली. मिर्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

तुर्कू शहरातल्या जहाजांच्या गोदीतल्या निवृत्त कामगारांची ही दर मे महिन्यातली सहल. सकाळी बोटीत बसायचं, दुपारी बोट ओलांड नावाच्या बेटाच्या धक्क्याला लागली की तिथून तशीच मागे फिरायची. म्हणायची बेटाची सहल, आणि बेटावर पाऊल कुणी ठेवायचं नाही. खायचं, बिनकराच्या स्वस्त दारूच्या बाटल्या घ्यायच्या आणि नाचायचं. बोट याच लोकांनी बांधलेली. तिलाही आता तीस वर्षं होऊन गेली होती. वेग घेतला की टेबलावरचे चमचे आपापले सरकायचे. पुढच्या महिन्यात ती विकली जाऊन ग्रीसला जायची होती, म्हणजे तिच्यावरची ही शेवटचीच सहल.

इतकी वर्षं मिर्या कधी आली नव्हती. मे म्हणजे बटाटे लावायचे दिवस, आणि पाणी नुसतं डुचमळलं तरी तिच्या पोटात ढवळायचं. तौनोनेही कधी आग्रह केला नाही. यंदा तिने आपण होऊन “मी पण येते” म्हटलं, तर हा म्हणाला, “कंटाळशील.” झालं. डोक्यात किडा वळवळायला तेवढं पुरलं. आज पहाटे त्याने दोनदा दाढी केली, तेही तिने मोजलं होतं.

सिल्वीचं नाव तिला जुनंच माहीत होतं. ती गोदीत क्रेन चालवायची. तौनो खाली वेल्डिंग करायचा आणि त्याच्या डोक्यावरून ती बाई पोलादाचे अख्खे पत्रे इकडून तिकडे न्यायची. “वर सिल्वी असली की मान वर करून बघावं लागत नाही,” असं तो एकदा जेवताना बोलून गेला होता. मिर्याने छत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधलं. तिच्याबद्दल असं काही तो कधी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

पहिलं गाणं संपलं. दोघं तिथेच उभी राहिली. मिर्या डोळ्यांत तेल घालून पाहत होती. रिवाज काय, लहान पोरालाही ठाऊक असतो. एका बाईबरोबर दोन गाणी नाचायचं, मग तिला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं, आभार मानायचे आणि वळायचं. तिसऱ्या गाण्यालाही तीच बाई हातात राहिली, तर सगळी बोट काय ते समजून जाते.

दुसरं गाणं वाल्ट्झचं होतं. तेही संपलं. आता, मिर्या मनात म्हणाली, आता बघू. तौनोने सिल्वीचा हात सोडला, तिला खांबापर्यंत आणलं, मान झुकवून आभार मानले आणि तो कॉफीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मिर्याचा जीव भांड्यात पडला. स्वतःचंच हसू आलं तिला. एवढी म्हातारी झाली बाई, आणि नवऱ्याच्या मागे हेरगिरी करते.

“येणार का?”

समोर सिल्वीचा नवरा उभा होता. एस्को. बुटका, कानांवर पांढरे केस, तोंडात खोकल्याची गोळी. नाही म्हणायची रीत नव्हती. ती उठली.

“पहिल्यांदाच आलात,” नाचता नाचता तो म्हणाला.

“हो. तुम्ही?”

“माझी अठरावी खेप.” तो थोडा वेळ पावलं जपत राहिला. “तुमचा नवरा फार रीतीचा माणूस आहे.”

“आहे तसा.”

“दोन गाणी. दरवर्षी दोनच. मोजतो ना मी.”

मिर्याला हा माणूस एकदम आवडला. “खरं सांगू? आज मीही मोजली.”

“मग हायसं वाटलं असेल.”

“वाटलं तर.”

“मलाही वाटायचं. पहिली दोन-तीन वर्षं.”

गाणं बदललं. एस्कोने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

“आमची सिल्वी म्हणजे भारी बोलकी. बाकीच्या म्हाताऱ्यांबरोबर तीन-तीन, चार-चार गाणी नाचते. लोक चिडवतात, ती त्यांना वर दोन शब्द सुनावते. तुमच्या नवऱ्याबरोबर मात्र दोन. आणि त्या दोन गाण्यांत एक अक्षर बोलत नाहीत दोघं. तुम्ही पाहिलंत की आत्ता.”

मिर्याने पाहिलं होतं. पण तिने फक्त गाणी मोजली होती.

“त्यांच्यात काही आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी कुठे तसं म्हणतोय? काही घडलेलंच नाही. घडलं असतं तर मला कळलं असतं, गोदी म्हणजे काय, गावच.” त्याने तिला एका वळणातून फिरवलं. “एकदा तिसरं नाचली असती ना, तर मी भांडलो असतो. आरडाओरडा केला असता, मोकळा झालो असतो. दोन गाण्यांवरून काय भांडणार माणूस?”

त्याने तिला खुर्चीपर्यंत पोचवलं, आभार मानले आणि आपल्या टेबलाकडे गेला. बायकोची पर्स त्याच्या काखेतच होती.

तौनो दोन कप घेऊन आला. “घे, गरम आहे तोवर. पोट बरं आहे ना?”

“चल, नाचू या.”

“आत्ता? कॉफी निवेल.”

“निवू दे.”

ती त्याला ओढतच घेऊन गेली. तौनो बोलत होता. पलीकडच्या खांबाचा जोड त्याने स्वतः मारला होता, तीस वर्षांत केसाएवढी भेग नाही. बटाटे रविवारी लावून टाकू. सुनेचा फोन आला होता का? त्याने तिच्या पायावर पाय दिला, हसला आणि पुन्हा बोलत राहिला. एरवी मिर्याला हे सगळं गोड वाटलं असतं. घरी स्वयंपाकघरात तो असाच मागेपुढे करत बडबडायचा. आज त्याचा एकेक शब्द तिला टोचत होता. माझ्याबरोबर एवढं बोलायला सुचतं याला, ती मनात म्हणाली, कारण आमच्यात गप्प राहण्यासारखं काही नाहीच.

दुसरं गाणं संपलं. तौनोने हात सोडला, मान झुकवली, “आभार,” म्हणाला आणि तिला खुर्चीकडे न्यायला वळला.

मिर्या जागची हलली नाही.

“अजून एक.”

“दोन झाली की.”

“बायको आहे मी तुझी. मोजतोस कसली?”

आजूबाजूची जोडपी पांगत होती, नवी येत होती. तौनोने लगेच हात पुढे केला नाही. आधी त्याची नजर खांबाजवळच्या टेबलाकडे गेली. क्षणभरच. मग त्याने मिर्याच्या कमरेला हात घातला.

तिसऱ्या गाण्यात त्याची बडबड थांबली. पावलं बरोबर पडत होती, पण पाठ ताठ झाली होती. प्रत्येक वळणाला खांब समोर आला की तो नजर खाली घ्यायचा, चोरी करताना सापडलेल्या माणसासारखी. स्वतःच्या बायकोबरोबर नाचताना याला चोरट्यासारखं वाटत होतं, आणि कुणापुढे, ते कळायला मिर्याला मान वळवून बघायची गरज नव्हती.

गाणं संपलं. तौनोचा हात सैल पडला. मिर्याने तो सोडला नाही.

“चौथं,” ती म्हणाली.