पाऊण जोराचं इंजिन

देवाजी मिस्त्रीच्या हातून गेलेलं इंजिन पुन्हा दुरुस्तीला येत नाही, अशी नागपूरच्या प्रताप नगरपासून हिंगण्यापर्यंत ख्याती होती, आणि त्या ख्यातीच्या मुळाशी एक बारीकसा स्क्रू होता. विहिरीवरचं इंजिन शेतकऱ्याच्या हाती गेलं की तो वेगाची दांडी शेवटपर्यंत ओढणार, धो धो पाणी पाहून खूश होणार, आणि दोन महिन्यांत बेअरिंग जाळून तेच इंजिन बैलगाडीत घालून परत आणणार. म्हणून देवाजी झाकणाच्या आत, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, एक स्क्रू बसवायचा. मग दांडी कितीही ओढा, इंजिन पाऊण जोरावर अडायचं. गिऱ्हाइकाला तो हे सांगत नसे. सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी स्क्रू निघाला असता. वीस वर्षांत ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की आपण काही लपवतो आहोत हेही त्याच्या ध्यानात उरलं नव्हतं.

त्याचा जावई मधुसूदन म्हणजे एक नमुनाच होता. नागपूरच्या माणसाला पाण्याचं वेड लागावं, हीच मुळात गंमत. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये असताना अंबाझरी तलावावर शिडाची होडी चालवायला शिकला, आणि तेव्हापासून त्याचं जमिनीवर मन रमेना. पुढं मत्स्य खात्यात नोकरी धरली, रत्नागिरीकडे एका खाडीकाठी बदली मागून घेतली आणि देवाजीच्या मुलीला, जयाला, घेऊन तिकडे गेला. तिथं त्यानं एक लहानशी शिडाची होडी घेतली. त्र्याहत्तर साली त्याचं सासऱ्याला पत्र आलं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, वारा पडला की शीड नुसतं लोंबतं आणि ओहोटीचं पाणी होडी बाहेर समुद्राकडे ओढून नेतं. तेव्हा होडीच्या मागे टांगायचं इंजिन मिळालं तर बघा.

जावयानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. देवाजीनं कामठीच्या लिलावातून लष्करानं मोडीत काढलेलं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन आणलं, दोन महिने त्यावर जीव लावला आणि एका रविवारी अंबाझरीवर मागून आणलेल्या होडीला ते लावून पाहिलं. होडी सरळ पलीकडच्या काठाला गेली. देवाजीनं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. त्याच्या लेखी पाणी एक तर विहिरीत असतं, नाही तर तलावात, आणि दोन्हीकडे ते गुमान एका जागी असतं. त्यानं पत्रात लिहिलं, ‘चाळीस फुटांवरून पाणी खेचेल एवढी ताकद आहे. खाडीची काय कथा?’ मग झाकण बंद करण्याआधी, हाताच्या सवयीनं, स्क्रू बसवला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तार आली.

खाडीवरच्या शांताराम नाखव्यानं सगळं काठावरून पाहिलं होतं; त्याचं बोलणं जयानंच येऊन देवाजीला सांगितलं. समुद्रातून परत येताना वारा पडला, ओहोटी जोरात होती. मधुसूदननं इंजिन लावलं. ‘इंजिन चालत होतं,’ नाखवा सांगत होता, ‘पण होडी जागची हलत नव्हती. कितीतरी वेळ तिथंच उभी होती. मग बांधावर लाट फुटली आणि ती आडवी झाली.’ होडी किनाऱ्याला लागली, इंजिनासकट. मधुसूदन दुसऱ्या दिवशी सापडला.

तेरवीला शेजारचे चक्कीवाले भैयाजी म्हणाले, “तुमच्या इंजिनानं शेवटपर्यंत साथ सोडली नाही, मिस्त्री.” लोकांनी माना हलवल्या. देवाजीच्या मात्र कानात ‘जागची हलत नव्हती’ एवढंच बसलं होतं. जयानं येताना इंजिन पोत्यात बांधून आणलं होतं. बाबांच्या हातचं म्हणून ते तिला तिकडे टाकून यायचं नव्हतं. पोतं कारखान्याच्या कोपऱ्यात पडलं, आणि देवाजी तिकडे पाठ करून काम करू लागला.

असे तीन महिने गेले. मग नाखव्याचं पत्र आलं. ते इंजिन मला द्या, माझ्या होडीला लावीन. मरेस्तोवर बंद न पडणारं इंजिन पुन्हा कुठं मिळायचं?

आता पोतं सोडणं भाग होतं. जया शेजारी भैयाजींच्या घरी गेली आहे असं पाहून देवाजी दुपारी खाली बसला. स्क्रू काढायचा, झाकण लावायचं, इंजिन पाठवून द्यायचं आणि मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. झाकण निघतं न निघतं तोच जया दारात आली आणि समोर बसली.

“मले पाहू द्या बाबा. त्यायच्या हातात होतं शेवटपर्यंत.”

मिठानं आतलं सगळं पांढरं झालं होतं. स्क्रू तेवढा जागच्या जागी, ताठ उभा. देवाजीचा हात थांबला.

“हे कायचं हाय?” तिनं विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. तिला इंजिनातलं काय कळत होतं? पण देवाजीला वाटलं, आता खोटं बोललो तर हा बोजा घेऊनच आपण सरणावर जाणार.

“मी लावला,” तो म्हणाला. “हे असलं, का इंजिन पुरा जोर देत नाही. पाऊणच देते. समद्याच इंजिनात लावतो मी, जळू नये म्हणून. जावईबापूले सांगितलं नाही. माह्यानंच गेले ते, जया.”

जया रडली नाही. तिनं त्याच्या हातातला पाना खाली ठेवला, पेचकस उचलला आणि स्क्रूवर टेकवला. तो गंजला होता, फिरेना. देवाजीनं हात पुढे केला.

“मले काढू द्या,” जया म्हणाली.

ती जोर लावत राहिली. मान वर न करता म्हणाली, “त्यायले समजलं होतं. दिवाळीच्या आंधी म्हणे, याचा जोर कमी वाटून राहिला, खोलून पाहतो. पाना घेऊन बसले बी होते. मीच म्हटलं, बाबाच्या हातचं हाय, त्याले हात लावू नोका.”

 इतके दिवस देवाजीला वाटत होतं, हे ओझं आपल्या एकट्याचं आहे.

“तुया काय दोष वं त्यात?” तो कसाबसा म्हणाला.

“तुमच्यावर भरोसा केला,” जया म्हणाली, “तेवढाच.”

स्क्रू एकदाचा सुटला. तिनं तो पुसला आणि पदराच्या टोकाला बांधला.

“आता नाखव्याले चिठ्ठी लिहा. यात काय होतं, कोणं लावलं होतं, समदं लिहा. अन् लावायच्या आंधी एकडाव खोलून पाहाजा म्हणा.”

देवाजीनं कागद घेतला. दारात हिंगण्याहून आलेली बैलगाडी उभी राहिली होती, तिच्यात त्याच्याच हातचं, आत तसाच स्क्रू बसवलेलं एक इंजिन होतं. तो तसाच लिहीत बसला.