पांढऱ्या चट्ट्याखाली

मोबाईलवर फोटो आला तेव्हा अक्षदा ईट गावच्या घरी वडिलांना, आबांना, जेवायला वाढत होती. पुण्याच्या प्रयोगशाळेतून तिचा सहकारी शिवराज यानं तो पाठवला होता. आबांच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला होता. दवाखान्यानं त्याचा तुकडा तपासणीला काढला, आणि आबांच्या संमतीनं त्यातला थोडा भाग तिच्या प्रयोगशाळेत गेला. तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली लेझर पडला की मांसातले तंतू पडद्यावर हिरवे उजळतात. चट्ट्याखाली त्यांची दाट जाळी दिसायला हवी होती.

फोटोत वर जरासा उजेड होता. खाली सगळा काळोख.

कॅन्सर खोल शिरला की ही जाळी विरून जाते, हे अक्षदानं कितीतरी फोटोंत पाहिलं होतं.

"काय झालं गं?" आबांनी विचारलं. तोंड पुरतं उघडत नव्हतं. दुधात कुस्करलेली भाकरी ते सावकाश गिळत होते.

"काय न्हाय, कामाचं हाय."

ती परसात गेली. मन घट्ट करून तिनं फोटो मोठा करून पाहिला. कडेला, जिथं पांढरा थर पातळ होता, तिथं हिरव्या रेषा खोलवर उतरल्या होत्या. थर जाड होईल तसा काळोख वाढत होता. तिनं शिवराजला फोन लावला.

"तुकडा पातळ कापलाय का?"

"नाही, अख्खाच ठेवलाय."

"मग तो पांढरा थरच उजेड विखरून टाकत असेल. खाली पोचतच नसेल. तुकडा उलटा कर अन् खालून बघ."

"तिकडूनही काळंच आलं तर?"

"तरी पाठव."

तासाभरानं नवा फोटो आला, तेव्हा तिला तो उघडवेना. उघडला, तर हिरवी जाळी, दाट, सलग. तरी धाकधूक गेली नाही. खरा निकाल दवाखान्याचा होता.

तो आठवड्यानं आला. कॅन्सर नव्हता, पण पुढं होऊ शकत होता. तंबाखू कायमची बंद, अन् दर तीन महिन्यांनी तपासणी.

"आबा, लई भ्याले होते मी."

आबा हळूच म्हणाले, "म्या बी. दर बारीला संगं येशील न्हवं?"

"व्हय, येईन."